पूजेची फांदी

"एकही पान ठेवायचं नाही," आत्या म्हणाल्या. "शेंड्यापासून खालपर्यंत सगळं उतरवा."

शिडीवरचा माणूस कोयता धरून तसाच थांबला. त्याने आधी आत्यांकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बायकांकडे, आणि हळूच एक पाय खालच्या पायरीवर घेतला. बायकांच्या घोळक्याशी वैर घेऊन कोयता चालवील असा माणूस आमच्या माळशिंगीत अजून जन्माला यायचा होता.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे. गावाच्या मात्र त्या जगदाळे बाई. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. निम्म्या गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्याने छड्या खाल्लेल्यांशी लग्नं केली होती, त्यामुळे त्यांना उलट बोलायची गावाला सवय नव्हती.

पण राजाक्का थोरात त्यांच्या शाळेतल्या नव्हत्या. त्या लग्न होऊन विट्याकडून आलेल्या. त्यांच्या मालकांची, म्हणजे तात्यांची, पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून चढवून राजाक्कांचा गळा असा तयार झाला होता की त्या कानात बोलल्या तरी चौकात ऐकू जायचं.

"बाई, आमी तुमच्या बाजूनं उबं ऱ्हायलो, व्हय का न्हाई?" राजाक्का म्हणाल्या.

"राहिलात."

"सायबाच्या दारात बसलो. उनातानात. मग आमचं बी ऐकायचं."

ते खरंच होतं. नाक्यावरचा रस्ता रुंद होणार होता आणि रस्त्याच्या कडेने ओळीने उभे असलेले जुने वड त्यात जाणार होते. आत्यांनी रस्त्याच्या साहेबांच्या टेबलासमोर ठाण मांडलं, झाडं उचलून दुसरीकडे लावता येतात असं सांगून सांगून त्यांना वात आणला, आणि तरी साहेब बधेनात तेव्हा राजाक्का गल्लीतल्या सगळ्या बायका घेऊन गेल्या. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे. एक झाड हलवून दाखवा. वटपौर्णिमा झाली की मी बघायला येतो. जिवंत असेल तर बाकीचेही हलवू. वाळलं असेल तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही, दुसऱ्या दिवशी सगळे वड आडवे होतील." आत्यांनी हात जोडले आणि नाक्यावरचा वड निवडला. म्हणजे एका झाडाच्या जिवावर ओळीतल्या सगळ्या झाडांचा जीव टांगलेला होता, आणि तो टांगला होता आमच्या आत्यांनी.

क्रेन दुसऱ्या दिवशी यायची होती. त्याआधी पानं उतरवणं भाग होतं.

"राजाक्का, ऐका," आत्या वर्गात बोलायच्या तशा बोलू लागल्या. "झाडाला पाणी मुळं पाजतात असं आपल्याला वाटतं. ओढतात ती पानं. पानांतून सारखी वाफ जात असते, दिसत नाही एवढंच. वरून जेवढं जातं तेवढं खालून वर ओढलं जातं. उद्या मुळं तुटणार. खालून यायचं बंद होईल, पण पानं काही ओढायची थांबणार नाहीत. मग ती खोडातलंच पाणी ओढतील. झाड उभ्या उभ्या वाळेल."

"ते समदं खरं असंल," राजाक्का म्हणाल्या. "पर सण तोंडावर आलाय. आमच्या गल्लीनं आजवर वडाची डहाळी इकत आणून घरात पुजली न्हाई. जित्त्या झाडालाच सूत बांदलं. आन आवंदा तर…" त्यांचा आवाज जरा खाली आला. "मालकांची छाती फाडून शिवलीया मिरजंत. आवंदा मी बोडक्या झाडाला फेऱ्या मारू? पानं नसलेला वड म्हंजी उघड्या कपाळाचा वड. त्येच्याकडं काय मागायचं?"

बोलून झाल्यावर आपण कुणासमोर काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं. एकीने उगाच पदर सारखा केला. आमच्या आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून वटपौर्णिमेला आत्या खिडकी लावून पुस्तक वाचत बसायच्या. आप्पांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आयुष्यभर याच वडाखाली होतं, पत्र्याच्या टपरीत.

मला राजाक्कांचा असा राग आला की त्यांचे माझ्याकडे शिवायला आलेले ब्लाऊज तसेच परत पाठवावेत असं वाटलं.

आत्या मात्र झाडाकडे बघत होत्या. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "पूर्वेची फांदी राहू दे. बाकी सगळं उतरवा."

मी चाट पडले. परीक्षेत अर्ध्या बरोबर उत्तराला अर्धा मार्कसुद्धा न देणारी ही बाई. पण बायका खूश झाल्या, शिडीवरच्या माणसाचा पाय परत वर गेला, आणि मी मनात म्हटलं, आत्या शहाण्या आहेत, गाडं अडू नये म्हणून एक फांदी सोडली. राजाक्कांनी तिथल्या तिथे तिचं नाव ठेवलं, पूजेची फांदी.

वड हलला. क्रेनने उचलला तेव्हा मुळांचा मातीचा गड्डा ओल्या गोणपाटात बांधलेला होता आणि झाड एखाद्या पेशंटसारखं आडवं होऊन गावातून निघालं. हायस्कूलच्या मैदानाच्या कोपऱ्यात खड्डा तयार होता. तिथे ते उभं केलं, खोडाला गोणपाट गुंडाळलं, कापलेल्या टोकांना शेणमाती थापली. गाव म्हणालं, बाईंनी वडाची मुंज केली आणि शेंडी तेवढी ठेवली.

माझं शिवणाचं दुकान मैदानासमोरच होतं. मशीनवर बसून नुसती मान वर केली तरी वड दिसायचा, त्यामुळे त्या झाडाची देखभाल न मागता माझ्या गळ्यात पडली. आत्या रोज सकाळी यायच्या आणि माझ्याकडची एक सुई घेऊन जायच्या. गोणपाट जरा बाजूला सारून खोडाच्या सालीत सुईचं टोक टोचायच्या. वडाच्या सालीत चीक असतो. टोचलं की दुधाचा बारीक थेंब वर येतो.

"हा थेंब झाडातल्या पाण्याच्या जोरावर वर येतो," त्या म्हणाल्या होत्या. "जोर आहे तोवर थेंब आहे."

सुरुवातीला थेंब यायचा. खोडावर ठिकठिकाणी लालसर कोंबांची टोकं दिसू लागली होती, आणि मी गिऱ्हाइकांना ब्लाऊजच्या आधी कोंब दाखवत होते. मग एका सकाळी आत्या सुई टोचून नुसत्याच उभ्या राहिल्या. पुन्हा दुसरीकडे टोचली. मी मशीन सोडून गेले.

"काय झालं?"

"पश्चिमेला थेंब नाही," त्या म्हणाल्या. कोंबांपैकी एकाला त्यांनी बोट लावलं. तो कुरकुरीत झाला होता, बोटाला लागताच गळून पडला.

दोघींनी एकदमच वर पाहिलं. पूजेची फांदी हिरवीगार होती. दुपारी जरा मलूल व्हायची, सकाळी परत ताठ. सगळ्या झाडाचं मढं झालं होतं आणि ती एकटी लग्नातल्या करवलीसारखी मिरवत होती.

"पाणी तर रोज घालतायत बायका," मी म्हटलं. ते खरंच होतं. राजाक्कांनी पाळ्या लावून दिल्या होत्या. बादल्यांवर बादल्या ओतून बुंध्याशी चिखल झाला होता.

"मुळं तुटलीत, हेमा. तोंडच नाही त्याला बादली काय कामाची? चार नवी पांढरी मुळं फुटली असतील, ती घोट घोट घेत असतील. तो घोट खोडाला पुरला असता. ही फांदी वरच्या वर तो वाऱ्यावर सोडतेय, आणि पुरत नाही म्हणून खोडाचंही घेतेय."

"मग कापू या."

"शब्द दिलाय."

"आत्या, झाड जातंय. साहेब यायचेत. मी अंधार पडल्यावर जाते, करवत आहे घरात. सकाळी म्हणू, वाऱ्याने मोडली."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की कॉपी करताना सापडल्यासारखं मला झालं.

"तोंडावर दिलेला शब्द पाठीमागे मोडायचा नाही," त्या म्हणाल्या. "मोडायचाच असेल तर तोंडावर मोडू. चप्पल घाल."

राजाक्कांचं घर गिरणीच्या वर होतं. गिरणी बंद होती, त्यामुळे जिन्यात नुसता पिठाचा वास होता, घरघर नव्हती. तात्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. उंचापुरा माणूस, पण सदरा टांगल्यासारखा दिसत होता. राजाक्का त्यांना पेज भरवत होत्या. आम्हाला बघून त्यांनी वाटी खाली ठेवली. पूजा परवावर आली होती. कोपऱ्यात सुताचं रीळ, आंबे, नवी फणी करंडा असं सगळं ताटात मांडून ठेवलेलं होतं.

आत्यांनी आडवळण घेतलं नाही. झाडाचं सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "फांदी काढू द्या."

"परवा झाली पुजा की काडा."

"परवापर्यंत खोडात काही उरणार नाही."

"पंधरवडाभर तगलं ते दोन दिस तगंल की. आमी आजून बादल्या घालतो."

"राजाक्का, तात्या मिरजेहून आले त्या दिवशी तुम्ही त्यांना गिरणीवर बसवलंत का?"

"बसवीन बरी. डाक्टरनं जिना बी चडू नगा म्हनलंय."

"पोळी-मटण वाढलंत?"

"पेज. आजून पेजच हाय." राजाक्का सावध झाल्या. "का वो?"

"पान हे झाडाचं काम असतं. पान ठेवलं म्हणजे झाडाला कामाला जुंपलं. त्याचंही आत्ताच ऑपरेशन झालंय. त्याला झोपू द्या. उठलं की हजार पानं काढील."

"बाई बरुबर म्हनत्यात," तात्या खाटेवरून हळू आवाजात म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा. तुमच्यापायीच चाललंय हे." राजाक्कांचे डोळे भरून आले होते, आणि डोळे भरले की त्यांचा आवाज आणखी चढायचा. "बाई, तुमी शिकल्यासवरल्या. तुमचं बरुबर असंल. पर तुमचं हुतं ते गेलं, आता तुमास्नी कशाचं भ्या? माजं आजून हितं खाटंवर हाय. मी त्या फांदीला मनातल्या मनात बोलून बसलीया. ती तोडली आन ह्यास्नी काय झालं, तर मी कुनाकडं बगू?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तात्यांच्या हातांकडे बघत राहिले, चादरीवर ठेवलेल्या, पोती उचलून जाड झालेल्या.

आत्या उठल्या. "एकच मागते. उद्या सकाळी झाडापाशी या. एक पिशवी बांधायची आहे. ती तुमच्या हाताने बांधा, गाठ तुमची. परवा सकाळी सोडायचीही तुम्हीच."

"पिशवी कशाची?"

"आमच्या हेमाच्या दुकानातली, साडीची."

राजाक्का दुसऱ्या दिवशी उजाडताच आल्या. पिशवी कोरी होती, साडी काढून घेतलेली, आरपार दिसणारी. त्यांनी ती उलटी करून झटकली, आत फुंकर मारली, उजेडात धरून पाहिली. बाजारात वांगी घेताना त्या अशीच तपासणी करायच्या. मग शिडीवर मी चढले आणि फांदीच्या टोकाची लहानशी डहाळी वाकवून त्यांच्यासमोर धरली. चार-दोन पानांची डहाळी. राजाक्कांनी ती पिशवीत घातली आणि तोंड सुतळीने आवळून अशी गाठ मारली की ती ब्रह्मदेवालाही सुटली नसती.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता काही नाही," आत्या म्हणाल्या. "घरी जा."

तो दिवस मी दिवसभर मशीनवर बसून काढला आणि एक बाही उलटी जोडली. ऊन मरणाचं होतं. दुपारी आत्यांनी खोडाला पूर्वेच्या बाजूलाही सुई टोचली. थेंब आला, पण वर येऊन उभा राहिला नाही, सालीवर नुसती ओल दिसली. सुई पदराला पुसून त्यांनी मला परत दिली आणि त्या घरी गेल्या. पाठ ताठ होती, पण पावलं जड पडत होती.

पौर्णिमेच्या सकाळी मैदान बायकांनी भरलं. ठेवणीतल्या साड्या, नथी, हातात ताटं. एरवी झाडाखाली हसणं-खिदळणं चालतं, त्या दिवशी सगळ्यांची नजर वर होती. आत्या पांढऱ्या सुती साडीत मैदानाच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभ्या होत्या. आत या म्हणायचं कुणाला सुचलं नाही, आणि त्याही आपणहून आल्या नसत्या.

मी शिडीवर चढून डहाळी खाली वाकवली. पिशवी आतून धुरकट झाली होती आणि तिचा खालचा कोपरा पाण्याने फुगून लोंबत होता.

राजाक्कांनी स्वतःची गाठ स्वतः तपासली. जशीच्या तशी होती. सुटेना, तेव्हा दाताने सोडली. मग ताटातला पूजेचा तांब्या घेतला, त्यातलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतून तो रिकामा केला, आणि पिशवी त्यात पालथी केली. पाणी पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. राजाक्कांनी तांब्या हातात घेऊन हलवला. आत पाहिलं.

"तळ भरला की," त्या म्हणाल्या. "पाऊस न्हाई, दहिवर न्हाई. हे आलं कुठनं?"

कुंपणापलीकडून आत्या म्हणाल्या, "पानांतून."

"एका दिसाचं?"

"एका दिवसाचं."

राजाक्कांनी आधी त्या डहाळीची पानं पाहिली. मग मान वर करून अख्खी फांदी पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत्या पुढे काही बोलल्या नाहीत. वर्गात गणित सुटत आलं की मास्तराने गप्प बसायचं असतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

"आमी खालनं बादल्या वतत व्हतो," राजाक्का शेवटी म्हणाल्या, "आन ही वरनं सांडत व्हती." तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "ह्या झाडातलं उरलंसुरलं पानी, आन मी त्येच्याचकडं मालकांसाटी आयुष्य मागाय आलीया."

राजाक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळल्या.

"हेमा, करवत हाय का?"

"आहे."

"मग काप."

मागून कुणीतरी म्हणालं, "अक्का, सणाच्या दिवशी?"

"मग काय पितराच्या दिवशी?" राजाक्का गरजल्या. "आदी कापायचं, मग पुजायचं. माजा सत्यवान घरात पेज पितोय, त्येला कळतंय समदं."

मला शिवण शिकवणारे मास्तर म्हणायचे, माप घेताना घाबरावं, कापताना घाबरू नये. मी शिडी फांदीला लावली, चढले आणि करवत फांदीच्या जाड भागावर टेकवली. दोनदा ओढली आणि खर्र असा आवाज झाला. लाकडाचा नव्हता तो. मी वाकून पाहिलं. फांदीच्या वरच्या अंगाला सालीत रुतलेलं काहीतरी काळं होतं. बोटाने चाचपलं. लोखंडी आकडा होता. झाडाने तो गिळत आणला होता, वाकलेलं टोक तेवढं बाहेर राहिलं होतं.

"आत्या, इथं लोखंड आहे."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "त्याच्या आतून काप. खोडाच्या बाजूने."

मी खाली पाहिलं. त्या कुंपणाच्या तारेला धरून उभ्या होत्या. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर नाक्यावरचं ते झाड उभं राहिलं, खालची पत्र्याची टपरी, आणि टपरीच्या वर एका फांदीला लोंबणारे सायकलचे टायर. आप्पा स्टुलावर चढून रोज सकाळी ते अडकवायचे. पूर्वेची फांदी. याच आकड्याला.

राजाक्कांनी माझ्याकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं, मग आत्यांकडे. त्यांनाही ते टायर आठवले असावेत. नाक्यावरून त्या रोजच जायच्या.

"म्हंजी," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज कुंपणापलीकडे जेमतेम पोचेल एवढाच निघाला, "ही फांदी माज्यासाटी न्हवती ठिवली."

"नाही," आत्या म्हणाल्या. "तुम्ही मागितलीत म्हणून ठेवली असं मीही स्वतःला सांगत होते. तुमचं निमित्त झालं. पानं नसलेली ती फांदी मला बघवली नसती." त्यांनी कुंपणाची तार सोडली. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, पानातून पाणी जातं. शिकवलेलं मलाच विसरायचं होतं. काप, हेमा."

मी कापली. करवत आत जाऊ लागली तसा पांढरा चीक कडेने गळू लागला, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. फांदी आवाज करत खाली आली, आकड्यासकट. कुणीतरी ती बाजूला ओढली. झाड आता पूर्ण बोडकं होतं. गोणपाट गुंडाळलेला एक खांब, आणि त्याच्याभोवती नथी घातलेल्या बायका. मी शिडीवरच बसून राहिले.

राजाक्कांनी शिडीच्या दोन पायऱ्या चढून कापलेल्या जागी शेणमाती थापली. मग त्याच हाताने, हात न धुता, गोणपाटावर हळदीकुंकवाची बोटं ओढली. सुताचं रीळ उचललं आणि पूजेला सुरुवात करायच्याऐवजी त्या तरातरा कुंपणापाशी गेल्या.

"बाई, आत या."

"राजाक्का, मी कशाला?"

"टोक धराय मानूस लागतंय. गोनपाटावर सूत टिकंना, घसरतंय. सुटलं तर परत पैल्यापास्नं."

सुताचं टोक धरायला तिथे बायका कमी नव्हत्या. आत्यांनाही ते दिसत होतं. त्यांनी एकदा त्या टोकाकडे पाहिलं, मग फाटक उघडून आत आल्या आणि खोडाशी उभ्या राहिल्या. अंगठ्याने सूत गोणपाटावर दाबून धरलं. राजाक्का फेऱ्या घालू लागल्या. दर फेरीला त्या आत्यांच्या हाताखालून जायच्या आणि आत्या हात जरा वर करायच्या. मी शिडीवरून बघत होते आणि मला रडू येत होतं, ते मी चीक डोळ्यात गेला म्हणून खपवलं.

साहेब आले तेव्हा पूजेचं सूत उन्हाने पिवळं पडलं होतं आणि झाडावर एक पानही नव्हतं. जीपमधून उतरले, लांबूनच बघून मान हलवली. "बाई, मी सांगितलं होतं," असं म्हणून ते वळलेसुद्धा. आत्या काही बोलणार तोच राजाक्का आडव्या आल्या.

"सायेब, सुई टोचा."

"काय?"

मी सुई पुढे केली. साहेबांनी ती घेतली, कारण राजाक्का त्यांच्या आणि जीपच्या मधे उभ्या होत्या. आत्यांनी पश्चिमेच्या बाजूचं गोणपाट सारलं. जिथे थेंब यायचा बंद झाला होता, तीच बाजू. गेल्या काही दिवसांत त्यांनी स्वतःही तिथे टोचलं नव्हतं. भीती वाटत होती, असं मला नंतर म्हणाल्या. साहेबांनी वैतागून सुई सालीत खुपसली आणि बाहेर काढली.

आधी काही नव्हतं. मग त्या बारीक भोकातून पांढरा थेंब वर आला. आला, फुगला, आणि खाली न ओघळता तिथेच उभा राहिला.

साहेबांनी तो बोटाने पुसला. बोटं एकमेकांना चिकटवून पाहिली. पुन्हा भोकाकडे पाहिलं, तर दुसरा थेंब येत होता. त्यांनी आणखी एका जागी टोचलं, आणि मग स्वतःहून आणखी एका जागी.

"पानं नसताना?" ते म्हणाले.

"पानं नाहीत म्हणून," आत्या म्हणाल्या.

पुढचा वड हलवायचा ठरला तेव्हा पावसाळा सरत आला होता. शाळेच्या कोपऱ्यातल्या झाडाला तोवर तळहाताएवढी तांबूस पानं आली होती आणि मुलं त्यांच्या पिपाण्या करून वाजवत होती. नव्या झाडाला शिडी लागली. तिथल्या आळीतल्या बायका जमल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, देवाच्या नावाने एक डहाळी तरी ठेवा. शिडीवरच्या माणसाने सवयीने आत्यांकडे पाहिलं. पण उत्तर गिरणीच्या बाजूने आलं, चौकभर ऐकू जाईल असं.

"एक पान ठिवायचं न्हाई. आमी बगून बसलोय."

त्या ओळीतले सगळे वड जगले असं नाही. एक वाळला, एकाचा बुंधा किडला. बाकीचे आहेत. माझ्या दुकानासमोरच्या वडाची सावली आता फुटपाथपर्यंत येते आणि दुपारी माझी गिऱ्हाइकं दुकान सोडून तिथेच बसतात. खोडावर पूर्वेला एक मोठा गोल वण आहे. त्याच्या खालूनच नवी फांदी फुटली.

तात्या आणखी सहा वर्षं जगले. गिरणीवरही बसले. ते गेले त्या वर्षी वटपौर्णिमेच्या सकाळी राजाक्कांचं दार बंद होतं. बायका ताटं घेऊन मैदानाकडे निघाल्या होत्या, आणि त्या घरासमोरून जाताना जरा भरभर चालत होत्या. आत्यांनी ते पाहिलं. त्यांचे गुडघे तेव्हा पार गेले होते. तरी मला म्हणाल्या, हात दे, आणि तो जिना चढल्या, मधे दोनदा थांबत.

राजाक्का खिडकी लावून बसल्या होत्या. समोर पुस्तक नव्हतं, त्यांना वाचता येत नव्हतं. त्या नुसत्याच बसल्या होत्या.

आत्यांनी आयुष्यभर साऱ्या गावाची बोली सुधारली होती. त्या दिवशी दारात उभ्या राहून, धाप लागलेल्या, त्या म्हणाल्या, "उठा. टोक धराय मानूस लागतंय."

राजाक्का उठल्या आणि दारामागे ठेवलेल्या चपला पायाने पुढे ओढून घातल्या.